‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’: पुस्तक वाचावं, १९६७चा चित्रपट पाहावा की २०१५चा?

थॉमस हार्डीची ही कादंबरी १८७४ साली ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये क्रमशः आली. इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या मुलुखात स्वतःची शेती चालवणारी तरुण बाथशीबा आणि तिच्याशी लग्न करू पाहणारे तिघे: मेंढपाळ गेब्रियल ओक, शेजारचा मोठा शेतकरी बोल्डवुड, पलटणीतला सार्जंट ट्रॉय. प्रेमकथाच आहे, पण हार्डी ती शेतीच्या कामातून उभी करतो. सोबतीने राबताना जुळलेलं नातंच टिकतं, असं तो शेवटाकडे उघड म्हणतो. त्यामुळे चित्रपट निवडतानाही मी हेच पाहते, की त्यातली शेती खरी वाटते का.

पुस्तकातली वादळाची रात्र घ्या. वाटेत आडवा आलेला बेडूक, घरात शिरलेली गोगलगाय, एका दिशेला शेपट्या करून दाटीने उभ्या मेंढ्या, एवढ्यावरून ओक ओळखतो की पाऊस येणार. बाथशीबाशी लग्न करून मालक झालेला ट्रॉय आणि सगळे गडी दारू पिऊन पडलेले. उघड्यावर गहू-बार्लीच्या आठ सुड्या, साडेसातशे पौंडांचं धान्य. ओक एकटाच त्या झाकायला लागतो, मग विजांच्या उजेडात बाथशीबा पेंढ्या घेऊन शिडी चढते. प्रेमाचा शब्द न काढता हार्डीने इथे सगळं सांगितलं आहे. हे कुठल्याच चित्रपटात इतकं भिनत नाही.

जॉन श्लेसिंजरचा १९६७चा चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि त्याला घाई नाही. निकोलस रोगच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या टेकड्या, चिखल, गावकऱ्यांचे चेहरे यांतून तो मुलुख कळतो. टेरेन्स स्टॅम्पचा ट्रॉय पाहिला की शहाणी बाई याच्यावर का भाळली, हे विचारावं लागत नाही. पीटर फिंचचा बोल्डवुडही आतून पोखरत जातो. ज्युली क्रिस्टी मात्र मला शेतकरीण वाटत नाही, ती साठच्या दशकातल्या लंडनची वाटते.

थॉमस विंटरबर्गचा २०१५चा चित्रपट दोन तासांत आटोपतो, आणि त्याची किंमत ट्रॉय व त्याची आधीची प्रेयसी फॅनी यांच्या कथेला मोजावी लागते. पण कॅरी मलिगन! बाजारात पुरुषांच्या घोळक्यात धान्याचा भाव करणारी, पोटफुगीने मरणाऱ्या मेंढ्यांसाठी अभिमान गिळून ओकला परत बोलावणारी बाथशीबा तिच्यात पूर्ण सापडते. मायकल शीनचा बोल्डवुड तर काळीज पिळवटतो.

एक बदल दोन्ही चित्रपटांत आहे. ओकच्या मेंढ्या पुस्तकात चुनखडीच्या खाणीत कोसळतात, पडद्यावर समुद्रकड्यावरून. दृश्य भव्य होतं, पण आडरानातल्या एका खड्ड्याने माणूस कायमचा कफल्लक होतो, ही पुस्तकातली भीती निसटते.

१९९८ची ब्रिटिश टीव्ही मालिका कथानकाला प्रामाणिक आहे. नॅथॅनियल पार्करचा ओक चांगला, बाकी साधी.

इंग्रजी वाचनाची सवय असेल तर पुस्तकच आधी घ्या. स्वामित्वहक्क संपल्यामुळे ते इंटरनेटवर मोफत मिळतं. आठव्या प्रकरणातली गड्यांची बोली जड जाईल, तिथे अडू नका, एकविसाव्या प्रकरणापासून हात सुटत नाही. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर २०१५चा पाहा. पुस्तक वाचून झालं असेल तर १९६७चा, कारण त्यातला संथपणा तेव्हाच गोड लागतो.