डाउनलोड संपलं, टर्मिनलची खिडकी बंद करायची की ठेवायची?

डबल-क्लिकने चालणारी डाउनलोडची स्क्रिप्ट (टर्मिनल, म्हणजे कमांड चालवायच्या खिडकीत, ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिताना हा प्रश्न हमखास येतो. काम आटोपलं की खिडकी लगेच बंद व्हावी, उघडी राहावी, की सगळं नीट झालं तरच बंद व्हावी?

लगेच बंद होणारी खिडकी सुटसुटीत वाटते. विंडोजच्या सीएमडीला, म्हणजे तिथल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, ‘स्लॅश सी’ (/c) हा पर्याय दिला की हेच होतं. पण डिस्क भरून डाउनलोड मध्येच तुटलं, तरी ती तशीच निमूट निघून जाते. एररची ओळ वाचायला मिळत नाही आणि फोल्डरमध्ये अर्धवट फाइल पूर्ण नावानिशी पडलेली असते. झिप उघडेना, की मग शोधाशोध.

उघडी ठेवायची तर सीएमडीचा ‘स्लॅश के’ (/k), लिनक्सवरच्या एक्सटर्म या टर्मिनलचा ‘होल्ड’, नाहीतर स्क्रिप्टच्या शेवटी बटण दाबेपर्यंत थांबवणारी ‘पॉज’ ही कमांड. स्क्रिप्ट नवी असताना मी हेच सुचवेन. रोजच्या वापरात मात्र कामाविना उघड्या खिडक्यांचा ढीग साचतो. आणि रात्री शेड्यूलरवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पॉज ठेवूच नका. बटण दाबायला कुणी नसतं, ती तिथेच अडून बसते.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला. विंडोज टर्मिनलच्या ‘क्लोज ऑन एक्झिट’ या सेटिंगमध्ये ‘ग्रेसफुल’ निवडा. मॅकच्या टर्मिनलमध्येही, शेल (आत कमांड चालवणारा प्रोग्राम) नीट संपलं तरच खिडकी बंद करायची सोय आहे. दोन्हीकडे निवाडा एक्झिट कोडवर, म्हणजे संपताना प्रोग्राम परत देतो त्या आकड्यावर: ० आला तर बंद, नाहीतर उघडी.

मेख इथेच आहे. सर्व्हरने ४०४ (फाइल सापडली नाही) दिला तरी कर्ल हा डाउनलोडचा प्रोग्राम ते एररचं पान तुमच्या फाइलच्या नावाने मुकाट सेव्ह करतं आणि ० परत देतं. ‘फेल’ हा पर्याय जोडला, तर २२ मिळतो. डब्ल्यूगेट हा तशाच कामाचा दुसरा प्रोग्राम अशा वेळी वेगळा पर्याय न जोडताही ८ देतो, म्हणून या कामाला मला तोच बरा वाटतो. शिवाय बॅश (लिनक्स-मॅकवरचं एक शेल) स्क्रिप्टच्या शेवटी हौसेने ‘डाउनलोड पूर्ण’ असा एको, म्हणजे मजकूर छापणारी कमांड, टाकला, तर बाहेर जाणारा कोड त्या एकोचा, म्हणजे कायम ०! डाउनलोडचा कोड आधी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि शेवटी त्याच कोडने एक्झिट करा.

स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाला द्यायची असेल, तर बंद होण्याआधी फाइलचं नाव, आकार आणि फोल्डर एका नोटिफिकेशनमध्ये दाखवा. नाहीतर फाइल गेली कुठे, हे विचारायला फोन तुम्हालाच येणार.