सोयाबीनवर ग्रेड-२ मायक्रोन्यूट्रियंटचा फवारा, पावसाच्या खंडात किती उपयोग झाला

आमच्या लातूर भागात ऑगस्टमधे पाऊस उघडला की पोटात गोळाच येतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा, हवामान खात्याच्या नोंदीत १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, आणि सोयाबीन नेमकं फुलातून शेंगात चाललेलं. तेव्हापासून खंडाची चिन्हं दिसली की मी मायक्रोन्यूट्रियंट (पिकाला अगदी थोडी लागणारी सूक्ष्म अन्नद्रव्यं) ग्रेड-२ मारतो.

कंपनी कुठलीही घ्या पण डब्याचं लेबल वाचा. राज्याच्या ग्रेड-२ मधे जस्त ३ टक्के, लोह २.५, मँगनीज १, तांबं १, बोरॉन ०.५ आणि मॉलिब्डेनम ०.१ असतं. ग्रेड-१ जमिनीतून द्यायचं, फवारणीचं हे ग्रेड-२ च. दुकानात गेलं की सोबत दुप्पट भावाचं टॉनिक गळ्यात मारायला बघतात ज्याच्यावर आत काय आहे तेच धड लिहिलेलं नसतं, त्याला स्पष्ट नाही म्हणा.

आता रिझल्ट. माझं अर्धं रान चुनखडीचं आहे, तिथं लोह असूनही मुळाला मिळत नाही, त्यात ओल कमी झाली की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फवारल्यावर आठवडाभरात नवी पानं हिरवी निघाली. धुऱ्याकडची चार तासं (ओळी) मुद्दाम न मारता सोडली होती, काढणीआधी दोन्हीकडची झाडं उपटून शेंगा फोडून बघितल्या तर फवारलेल्यात वरच्या शेंड्यापर्यंत दाणा भरलेला आणि सोडलेल्यात वरच्या शेंगा चापट, दाबलं तर आत नुसती पापडी. (पिवळेपणा ठिपक्याठिपक्याचा, पानभर पसरलेला असंल तर तो मोझॅक हा विषाणूचा रोग असू शकतो, तो पांढऱ्या माशीनं पसरतो, त्याला हे औषध नाही, झाड उपटून टाका.)

पण हे पाणी नाही हो! नुसत्या मायक्रोन्यूट्रियंटवर ताण निघत नाही. खंडात खरा आधार १३:००:४५ चा (पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं पालाशचं खत), १० लिटरला १०० ग्रॅम, परभणी कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे. पालाश पानाची छिद्रं उघडझाप करायला लागतं म्हणून पाणी कमी उडतं. ग्रेड-२ मी १० लिटरला ५० मिली घेतो, तरी तुमच्या डब्यावर असंल तीच मात्रा धरा, जास्त घातलं तर बोरॉननं पानाच्या कडा करपतात.

आणि वेळ फार महत्वाची. रानात थोडी ओल आहे, पान ताठ आहे तोवर मारा, दुपारी माना टाकलेल्या पिकावर मारून पैसे वाया जातात कारण पान काही घेतच नाही. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर, आणि कीटकनाशकासोबत मारायचं असंल तर आधी बादलीत थोडं कालवून बघा, फाटलं किंवा गाळ बसला तर वेगळं मारा.

भारी रानाला पाचपैकी चार स्टार. मुरमाड रानाला दोनच, तिथं ओल धरतच नाही, विहिरीला पाणी असंल तर फवाऱ्याच्या आधी तुषारची एक पाळी द्या.