युनिमॉग ४०४ की यू १३०० एल?

पश्चिम जर्मन लष्कराच्या निवृत्त युनिमॉगमध्ये (मर्सिडीज-बेंझचे चारही चाकं ओढणारे ट्रक) निवड बहुधा या दोघींपाशीच अडते. ४०४ मध्ये २.२ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ८२ अश्वशक्ती. १३०० एलमध्ये ५.७ लिटरचं डिझेल, १३० अश्वशक्ती. पेट्रोलचा खर्च झेपणार असेल तरच ४०४ घ्या.

पोर्टल अ‍ॅक्सल दोघींना, म्हणजे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्याहून वर आणि हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) गिअर. पण ४०४ ला ड्रम ब्रेक: हबचं ऑइल सील गेलं, की गिअरचं तेल थेट लायनिंगवर उतरतं आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. ड्रमच्या मागच्या कडेवरून बोट फिरवा. चिकट लागलं तर ड्रम उतरवायलाच लावा. १३०० एलला डिस्क आहेत, तिथे मात्र केबिनचा पत्रा बघा. गंज सांध्यांत आतून धरतो. वायरिंग दोघींचं २४ व्होल्ट, तेव्हा कारचे बल्ब चालणार नाहीत.