नेतृत्वाचे बारा धडे : नाइटिंगेलचा भाग वगळून ऐका

मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. बढती मिळाली तेव्हा ही ऑडिओ मालिका ऐकायला मिळाली. बारा थोर माणसं, प्रत्येकाला वीस मिनिटं. नाइट ड्युटीला जाता-येता दोनदा ऐकून झाली.

लिंकनचा भाग सगळ्यात सरस. जुलै 1863. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई जिंकली, पण लिंकनच्या जनरल मीडनं शत्रूचा सेनापती ली याच्या माघारी फिरलेल्या सैन्याला निसटू दिलं. लिंकननं मीडला खरमरीत पत्र लिहिलं, मग ना सही केली ना ते पाठवलं. निवेदक इथं उपदेश करत नाही, पुढं सरकतो. त्याच आठवड्यात आमच्या एका ज्युनियरनं इंजेक्शन दिलं आणि चार्टवर नोंदच केली नाही. दुसरा डोस जाता जाता राहिला. घरी येऊन मी तिला लांबलचक मेसेज लिहिला, पाठवला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, त्या रात्री ती सव्वीस पेशंटना एकटी बघत होती. आणि ड्युटी मीच लावली होती.

शिवाजी महाराजांच्या भागात अफजलखान येणार असं धरून बसले होते. आला पुरंदरचा तह : 1665, तेवीस किल्ले सोडून दिले. माघार कशी घ्यायची यावर वीस मिनिटं कोण बोलतं हो? इथं बोललेत, आणि छान बोललेत.

अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचा भाग नुसता गोडगोड. त्याच्या जहाजावरचे अठ्ठावीसही जण वाचले, खरंय. पण त्याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडच्या तुकडीतले तिघे गेले, त्यांचं नावही नाही. ज्या सुतारानं मदत आणायला जाणारी होडी समुद्राजोगी केली, त्या मॅकनिशला पुढं ध्रुवपदक नाकारलं गेलं. तेही गाळलंय.

नाइटिंगेलला तर हातात दिवा देऊन उभं केलंय. करुणा, करुणा आणि करुणा! क्रिमियन युद्धात ती नोव्हेंबर 1854 मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली, पण त्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारीत प्रमाण सुमारे 42 टक्क्यांवर होतं. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठं आकडे उतरले. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फारच्या मदतीनं तिनं तेच आकडे पिंजून काढले आणि 1858 मध्ये आकृत्या काढून मांडले. आमच्या वॉर्डात रोज आकडे भरायचा कंटाळा करणाऱ्या पोरींना मला ही बाई ऐकवायची होती.

निवेदकाचा आवाज चांगला आहे. पाठीमागचं संगीत मात्र सोसत नाही.