ओंडके फोडायचं यंत्र ट्रॅक्टरला जोडताना: तेल ट्रॅक्टरचं वापरावं की पंप वेगळा बसवावा?

ओंडके फोडायचं हायड्रॉलिक यंत्र बघायला गेलं की आधी टनांचा आकडा कानावर पडतो: 15 टन, 20 टन, 30 टन. वखारीचं गणित मात्र त्या आकड्यावर बसत नाही. जोर ठरतो सिलेंडरच्या बोअरवर (आतल्या व्यासावर) आणि तेलाच्या दाबावर (तो बारमध्ये मोजतात). दिवसभरात किती लाकूड फुटेल, हे मिनिटाला किती लिटर तेल येतं त्यावर ठरतं. ते तेल ट्रॅक्टरच्या पोटातून काढायचं की स्वतंत्र टाकीतून, हा त्यातला खरा निर्णय.

दट्ट्याची चाल 60 सेंमी धरली तर हिशेब असा येतो:

| बोअर / रॉड | जोर, 150 बार | जोर, 180 बार | एक ये-जा, 20 लि./मिनिट | एक ये-जा, 40 लि./मिनिट |
|---|---|---|---|---|
| 80 / 40 मिमी | 7.7 टन | 9.2 टन | 16 सेकंद | 8 सेकंद |
| 100 / 50 मिमी | 12 टन | 14.4 टन | 25 सेकंद | 12 सेकंद |
| 125 / 60 मिमी | 18.8 टन | 22.5 टन | 39 सेकंद | 20 सेकंद |

बोअर वाढवला की जोर वाढतो आणि पाचर मंदावते. मिनिटाला 20 लिटर देणाऱ्या ट्रॅक्टरला 125 चा सिलेंडर लावला तर प्रत्येक फोडीला चाळीस सेकंद जातात. तेवढ्यात सरळ धाग्याचा ओंडका कुऱ्हाडीनेही फुटतो.

म्हणून आधी लाकूड बघा. सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीचे फूटभर जाडीचे सरळ ओंडके असतील तर 100 चा बोअर पुरतो. चिंच, गाठाळ गावठी बाभूळ, आंब्याचा बुंधा यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. तिथे 125 शिवाय भागत नाही. नीलगिरी तोडल्यावर ओली असतानाच फोडावी. वाळली की तिचा पीळ आवळतो आणि पाचर रुतून बसते. मोठ्या गाठाळ ओंडक्याच्या मधोमध पाचर घालू नका. कडेने ढलपे काढत आत जा, म्हणजे 100 चा सिलेंडरही बरंच काम उरकतो.

ट्रॅक्टरच्या स्वतःच्या तेलावर

सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. पण 35 ते 45 एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप मिनिटाला 15 ते 20 लिटरच्या आसपास तेल देतो. खात्री करायची तर घड्याळ लावा. 100 बोअरचा, 60 सेंमी चालीचा सिलेंडर पूर्ण बाहेर यायला 4.7 लिटर तेल लागतं. लाकूड न लावता दट्ट्या 14 सेकंदांत बाहेर आला तर पंप 20 लिटरचा, 19 सेकंद लागले तर 15 लिटरचा. इंजिन कामाच्या आरपीएमवर ठेवूनच मोजा.

फसगत होते ती इथे: डंपिंग ट्रॉली चालते, मग हेही चालेल असं गृहीत धरलं जातं. ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते आणि तेल त्याच पाइपातून परत जातं, म्हणून तिला एक होज पुरतो. पाचर मात्र लाकडातून मागे ओढावी लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी तेल हवं. म्हणजे ट्रॅक्टरवर दोन्ही बाजूंना तेल देणारा डबल ॲक्टिंग व्हॉल्व्ह हवा, नाहीतर यंत्रावरच लिव्हरचा व्हॉल्व्ह बसवून त्याची रिटर्न लाइन (तेल परत नेणारा पाइप) दाबाशिवाय थेट गिअरबॉक्सच्या घरात सोडावी लागते. हा व्हॉल्व्ह ओपन सेंटरचाच, म्हणजे लिव्हर मधे असताना तेल मोकळं जाऊ देणारा घ्या. मधल्या स्थितीत तो तेल अडवणारा असेल तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण वेळ ओरडत राहतो आणि अर्ध्या तासात तेल हात लावू नये इतकं तापतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक यांचं तेल एकच असतं. वखारीत भुसा आणि माती सगळीकडे असते. होज जोडायचा कपलर उघडा पडला, तसाच जोडला, की तो कचरा थेट गिअर आणि ब्रेकपर्यंत जातो. कपलरच्या टोप्या लावायची सवय नसेल तर हा मार्ग धरू नका. पहिल्यांदा जोडल्यावर सिलेंडर आणि होज मिळून पाच-सहा लिटर तेल ओढून घेतात. दट्ट्या बाहेर असताना डिपस्टिक बघा आणि कंपनीने सांगितलेलंच तेल भरा.

पीटीओवर वेगळा पंप

रोज दोन-तीन तासांहून जास्त फोडायचं असेल तर आमच्या मते हाच मार्ग. 540 आरपीएमचा पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं फिरवणारा शाफ्ट), त्यावर 1:3 चा गिअरबॉक्स, म्हणजे पंप 1620 आरपीएमवर. 28 सीसीचा (एका फेऱ्यात 28 सीसी तेल देणारा) गिअर पंप यावर मिनिटाला 43 लिटरच्या आसपास देतो. 180 बारला 40 लिटर द्यायला साधारण 19 एचपी लागतात. 35 एचपीच्या ट्रॅक्टरला ते जड नाही.

पैसा वाचवायच्या नादात लोक चुकतात ते टाकी आणि सक्शन पाइपात (टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या). टाकी 50 ते 60 लिटरची, 68 ग्रेडच्या हायड्रॉलिक तेलाची. सक्शन सव्वा इंची, प्रेशर लाइन अर्धा इंची, रिटर्न पाऊण इंची. सक्शन बारीक ठेवला किंवा जाळी तुंबली की पंप किंचाळतो, तेलात फेस येतो; तसाच चालवला तर पंपाचं आतलं घर खरवडून निघतं. रिटर्न मोठा का? दट्ट्या मागे येताना रॉडच्या बाजूला 40 लिटर गेलं तर दुसऱ्या बाजूने 53 लिटर बाहेर पडतं. फिल्टरही तेवढ्याच क्षमतेचा हवा.

रिटर्नचा कपलर अर्धवट बसलेला असताना पाचर पुढे ढकलली तर तेलाला वाट मिळत नाही आणि रॉडच्या बाजूचा दाब क्षेत्रफळाच्या फरकामुळे 180 वरून 240 बारवर चढतो. सील तिथेच फुटतं.

गिअरबॉक्स थेट पीटीओच्या स्प्लाइनवर लटकत असेल तर तो फिरू नये म्हणून साखळी हवी, पण ताणलेली नको. शाफ्ट वापरत असाल तर यंत्र खाली टेकवून, पायांवर उभं करूनच पीटीओ सुरू करा. लिफ्टवर उचललेल्या अवस्थेत जॉइंटचा कोन वाढतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका.

थ्री फेज मोटर

वखार एकाच जागी असेल आणि वीज भरवशाची असेल तर ट्रॅक्टर मोकळा राहतो. 10 एचपीची, 1440 आरपीएमची मोटर आणि 16 सीसीचा पंप मिळून मिनिटाला 22-23 लिटर देतात, म्हणजे वेग ट्रॅक्टरच्या अंगच्या हायड्रॉलिकएवढाच. टू स्टेज पंप लावला तर रिकामी चाल झपाट्याने होते आणि लाकडाला भिडल्यावर जोर येतो.

पीटीओवर फिरणारा स्क्रूचा शंकू स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. त्याला लिव्हर नाही; ओंडका त्यावर अडकून गरकन फिरला किंवा बाही गुंतली तर थांबवायला पीटीओपर्यंत पोचणं होत नाही.

जड बुंध्यांसाठी उभं यंत्र घ्या; ओंडका उचलावा लागत नाही, ढकलून पाचरीखाली आणता येतो. आडवं यंत्र कंबरेच्या उंचीवर हलक्या लाकडाला सोयीचं. कुठलंही घ्या, पुढे जाण्याचा लिव्हर हात सोडताच मधे यायला हवा. युरोपात दोन्ही हात लिव्हरवर असल्याशिवाय पाचर न हलणारी यंत्रं असतात. तशी जोडणी आपल्याकडचा फॅब्रिकेटरही करून देऊ शकतो. होजची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा: 180 बारची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. आणि पहिल्या 50 तासांनंतर रिटर्न फिल्टर बदला. नव्या पंपाचा आणि सिलेंडरचा कीस सगळा तिथेच जमा झालेला असतो.