एअर टॉवर की लिक्विड एआयओ? उन्हाळ्यात गेमिंग पीसी बांधणाऱ्यासाठी

मार्चअखेर नागपूरहून भाच्याचा फोन आला. पार्टची यादी तयार होती: प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय, ३२ जीबी रॅम, साठवणुकीला एक टीबीची एनव्हीएमई. फक्त कूलरच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. "मामा, सगळे म्हणतात आपल्याकडच्या उन्हात लिक्विडच लागतं. खरं आहे का?"

मी गेली बारा-तेरा वर्षं घरच्यांची आणि मित्रांची मशिनं बांधून देतोय. दरवर्षी उन्हाळा लागला की हा प्रश्न येतो, आणि दरवर्षी त्यामागे हाच तर्क असतो: ऊन जास्त, म्हणून पाणी हवं. माझ्या मते हा गोंधळ आपल्या घरातल्या कूलरमुळे झालाय. विदर्भात पाणी म्हणजे गारवा हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या की खोली गार होते, माठातलं पाणी गार लागतं. पण तो गारवा पाण्याची वाफ होण्यातून येतो. एआयओ म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा तयार लिक्विड कूलर. त्यातलं पाणी सीलबंद असतं, त्याची बाहेर वाफ होत नाही. ते फक्त हमाली करतं: प्रोसेसरवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. एआयओ पाझरला तर मदरबोर्ड जातो.

टॉवर कूलरमध्येही, म्हणजे नळ्या, धातूची पाती आणि फॅन असलेल्या एअर कूलरमध्येही, पाणीच असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तांब्याच्या त्या चकचकीत नळ्यांमध्ये, म्हणजे हीटपाइपमध्ये, हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. तळाशी त्याची वाफ होते, वर पात्यांपाशी वाफ थंड होऊन पाणी होतं आणि आतल्या जाळीतून पुन्हा खाली येतं. ना पंप, ना वायर. शेवटी टॉवर असो की रेडिएटर, दोघंही उष्णता खोलीतल्या हवेलाच देतात, आणि खोलीच्या तापमानाच्या खाली दोघांपैकी कुणीच जाऊ शकत नाही.

त्यामुळे हिशोब साधा आहे. खोली २५ अंश असताना प्रोसेसर ७२ वर चालत असेल, तर त्याच गेमला ३८ अंशांच्या खोलीत तो साधारण ८५ वर जाणार. कूलर बदलून यातले चार-सहा अंश कमी होतील, मधले तेरा अंश खोलीचे आहेत. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे; तिथे पोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो. म्हणजे मे महिन्यात अंतर कमी राहतं हे खरं, पण ते वाढवायचा स्वस्त उपाय एआयओ नाही. त्याकडे येतो.

आधी प्रोसेसर बघा

कूलर निवडताना लोक उन्हाळ्याकडे बघतात, बघायला हवं प्रोसेसरच्या वॅटकडे. ७८००एक्स३डीच्या खोक्यावर १२० वॅट लिहिलेलं असलं तरी गेम खेळताना तो बहुतेक वेळा ६०-७० वॅटच्या आसपास असतो. एवढी उष्णता चार हीटपाइपचा, एका फॅनचा टॉवरही सहज उचलतो. तरीही तापमान चढलेलं दिसतं, याचं कारण वेगळं आहे. उष्णता निर्माण करणारा मूळ तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्यात ७८००एक्स३डीमध्ये जादा कॅश मेमरीचा थर त्याच्या डोक्यावर बसवलाय, पांघरूण घातल्यासारखा. अडचण त्या पांघरुणात आहे, आणि वर ३६० मिमीचा रेडिएटर लावला तरी पांघरूण निघत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये हा थर त्या तुकड्याच्या खाली नेला, म्हणून तो उष्णता जास्त मोकळेपणाने सोडतो आणि त्याची मर्यादाही ९५ अंश आहे.

इंटेलच्या कोअर आय९ १४९००के प्रोसेसरची गोष्ट निराळी. त्याला पूर्ण ताण दिला तर २५३ वॅटपर्यंत जाऊ देण्याची इंटेलचीच सोय आहे. गेममध्ये तो एवढा खात नाही, पण रात्रभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावणार असाल तर तिथे टॉवर धापा टाकायला लागतो. ३६०चा एआयओ तिथे पैसे वसूल करतो, आणि मी तो तिथे बिनधास्त सुचवतो.

एक गोष्ट एआयओच्या चाचण्या बघताना ध्यानात ठेवा. पाणी तापायला वेळ लागतो. दहा मिनिटांच्या चाचणीत एआयओ दिमाखात दिसतो, कारण पाणी अजून तापलेलंच नसतं. रविवारी दुपारी तीन तास गेम चालला की पाणी तापून स्थिर होतं आणि टॉवरशी अंतर घटतं. तुम्ही तीन तास खेळणार आहात, दहा मिनिटं नाही.

आवाज

यात सरळ निकाल नाही. मोठ्या रेडिएटरचे तीन फॅन सावकाश फिरवता येतात, त्यामुळे जड कामात एआयओ शांत राहू शकतो. पण हलक्या कामात, रात्री दीडला खोलीत शांतता असताना, पंपाची बारीक शिट्टी कानात बसते. टॉवरला ती नसतेच. कॅबिनेट टेबलावर कानाशी ठेवणार असाल तर याचा विचार करा.

कोण किती वर्षं टिकतो

माझं मत इथेच तयार झालंय. टॉवरमध्ये बिघडणारी वस्तू एकच: फॅन. तो बिघडला की हजाराच्या आत दुसरा मिळतो, तारेच्या दोन क्लिपा काढल्या की बदलून होतो. एआयओमध्ये पंप असतो आणि मशीन चालू असेपर्यंत तो फिरत राहतो. शिवाय रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत जातं, आत हवा वाढते, आणि बहुतेक एआयओंमध्ये ते पुन्हा भरायची सोय नसते. चांगल्या एआयओला पाच-सहा वर्षांची वॉरंटी मिळते, आणि ती साधारण त्याच्या आयुष्याचाच अंदाज असतो.

माझा स्वतःचा एआयओ चौथ्या वर्षी मे महिन्यात गेला. गळला नाही, गप्प झाला. मशीन चालू केलं की दोन मिनिटांत बंद पडायचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर गेलो तर काहीही चालू नसताना आकडा ७०, ८०, ९१ असा डोळ्यांदेखत चढत होता. झाकण काढून दोन्ही नळ्यांना हात लावला: पंपाजवळ चटका बसेल इतकी गरम, आणि रेडिएटर थंडगार. पाणी फिरतच नव्हतं. फॅन मात्र मजेत फिरत होते, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक वाटत होतं. वॉरंटीत बदलून मिळाला, पण मशीन तेवीस दिवस पडून होतं. शेवटी मधल्या काळासाठी पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक टॉवर आणला, आणि तो आजही तिथेच आहे. बदलून आलेला एआयओ खोक्यातच विकला.

पंप मेला की प्रोसेसर जळतो ही भीती मात्र खोटी. आजचे प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होतात. आणि गळती दुर्मीळ आहे, तिला घाबरून एआयओ नाकारू नका; नाकारायचाच तर पंपासाठी नाकारा.

बसवताना

टॉवरचं मोजमाप आधी करा. डीपकूल एके४०० आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हे दोन्ही १५५ मिमी उंच, एके६२० हा १६०, नॉक्टुआ एनएच-डी१५ तर १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती न बघता घेतलं की काचेचं झाकण लागत नाही. रॅमवर उंच हीटसिंक असतील तर पुढचा फॅन वर सरकवावा लागतो आणि उंची आणखी वाढते.

एआयओमध्ये एकच नियम पाळा: पंप सगळ्यात उंच जागी येता कामा नये. आतली थोडी हवा वरच्या टोकाला जाऊन साठते; ते टोक रेडिएटरचं असावं. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला की हे आपोआप होतं. पण मग ग्राफिक्स कार्डची गरम हवा त्यातूनच बाहेर जाते. आरटीएक्स ५०७० टीआय म्हणजे ३०० वॅटची शेगडी. प्रोसेसरच्या चौपट उष्णता तीच ओकते, आणि आपण सगळा वाद प्रोसेसरच्या ७० वॅटवर घालतोय.

म्हणून कूलरआधी कॅबिनेट. पुढून बंद काच असलेल्या सुंदर डब्यात कुठलाही कूलर गुदमरतो. पुढे जाळी, दोन मोठे फॅन आत ओढणारे, एक मागे बाहेर फेकणारा, एवढं झालं की टॉवर आणि एआयओ दोघांचंही काम सोपं होतं. माझ्या अनुभवात बंद काचेऐवजी जाळीचं कॅबिनेट घेतल्याने जेवढा फरक पडला, तेवढा कूलर बदलून कधीच पडला नाही.

एका ठिकाणी मात्र वजनदार टॉवर नक्की हरतो: कुरिअर. एनएच-डी१५ फॅनसकट १.३ किलोचा आहे. असा धोंडा मदरबोर्डवर लटकवून बांधलेलं मशीन पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नागपूरला पाठवायचं म्हणजे देवावर भरवसा. एआयओचं वजन कॅबिनेटच्या सांगाड्यावर असतं, त्यामुळे बाहेरगावच्या दुकानातून तयार मशीन मागवणार असाल तर तो जास्त सुखरूप पोचतो. नाहीतर टॉवर काढून वेगळा पाठवायला सांगा आणि घरी बसवा.

धूळ, पाल आणि दिवाळी

दोघांनाही धूळ सारखीच लागते. फरक साफ करण्यात आहे. टॉवरची पाती उघडी दिसतात, ब्लोअर मारला की मोकळी होतात. रेडिएटर आणि फॅन यांच्यामध्ये जो नमद्यासारखा थर साठतो तो बाहेरून दिसतच नाही. फॅन सोडवावे लागतात. स्वयंपाकघराजवळ मशीन असेल तर त्या धुळीत तेल मिसळतं आणि मग ब्लोअरनेही निघत नाही. साफ करताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरवू नका. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि होळीनंतर एकदा, एवढं पुरतं. पाल एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात शिरते, त्यावर दोन्हींकडे उत्तर नाही. कॅबिनेटच्या मागच्या न वापरलेल्या खाचांच्या पट्ट्या लावून ठेवा.

खोलीत डेझर्ट कूलर लावत असाल तर लावा, खोली गार झाली की प्रोसेसरही होतो. फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ सोडू नका. पाण्याचे तुषार येतात.

पुढे अपग्रेड करताना

रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसायची जागा, सप्टेंबर २०२२ मध्ये आणला, आणि त्याची कूलर बसवायची पद्धत बऱ्याच अंशी जुन्या एएम४चीच ठेवली. म्हणून २०१८ साली घेतलेला चांगला टॉवर आजच्या बोर्डवरही बसतो. इंटेलमध्येही एलजीए१७०० सॉकेटचा कूलर नव्या एलजीए१८५१वर चालतो. टॉवर घेतलात तर तो पुढच्या प्रोसेसरलाही येतो, फक्त प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट नवी लावायची. एआयओ तोवर म्हातारा झालेला असतो. पाच वर्षांनी नव्या महागड्या प्रोसेसरवर तोच पंप ठेवायला माझं मन धजत नाही.

पैसे

दर रोज हलतात, म्हणून ढोबळ सांगतो: सहा हीटपाइपचा दोन फॅनचा टॉवर चार-पाच हजारांत येतो, भरवशाचा ३६०चा एआयओ त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मधले पाच हजार जाळीच्या कॅबिनेटला किंवा एक टीबीऐवजी दोन टीबीच्या एनव्हीएमईला लावले तर रोज उपयोगी पडतात. कस्टम लूपचं, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या लिक्विड कूलिंगचं, नाव काढू नका. तो छंद आहे, कूलर नव्हे.

आणि फुकटचा उपाय आधी करून बघा. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे १५ किंवा उणे २० ठेवलं तर बहुतेक एक्स३डी प्रोसेसर गेमचा वेग (एफपीएस) न घालवता काही अंश खाली येतात. मशीन अडखळलं तर आकडा थोडा शून्याकडे आणा. मघाशी म्हटलेला स्वस्त उपाय तो हाच.

मग एआयओ कुणी घ्यावा? तासन्‌तास रेंडर करणाऱ्या मोठ्या इंटेलवाल्याने, तयार मशीन कुरिअरने मागवणाऱ्याने, आणि ज्याला काचेतून तो चमकता पंप बघायचाच आहे त्याने. शेवटचं कारण मी हसण्यावारी नेत नाही. दीड लाखाचं मशीन आहे, दिसायला आवडलं पाहिजे. फक्त उन्हाळ्याचं नाव पुढे करू नका.

भाच्याने शेवटी टॉवर घेतला आणि स्वतः बसवला. रात्री सव्वाअकराला फोन: "मामा, बायोसमध्येच ९३ दाखवतंय! म्हटलं होतं ना लिक्विड घेऊ." माझ्या डोळ्यांसमोर माझाच मेलेला पंप आला, पण टॉवरला पंप नसतो.

"कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक होतं, ते काढलंस का?"

पलीकडे बराच वेळ फक्त स्क्रू सुटण्याचा आवाज.