जागतिकीकरणावर प्रबंध: कांद्याचे आकडे घ्यावेत की द्राक्षबागेत जावे?

चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय घेतला, की चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहायचा असतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी उत्साहाने विषय मांडतो, ‘जागतिकीकरणाचा भारतीय शेतीवरील परिणाम’. या शीर्षकाखाली वर्षभरात काहीही सिद्ध करता येणार नाही. १९९१ नंतर आयातशुल्क बदलले, रुपया बदलला, रस्ते झाले, मोबाइल आले. यातले कशामुळे काय घडले, हे वेगळे काढणे मुरलेल्या संशोधकांनाही जड जाते. एक पीक आणि एक ठरावीक निर्णय घ्या, म्हणजे प्रबंध हाताबाहेर जात नाही. नाशिक जिल्ह्यातच असे दोन चांगले विषय आहेत आणि त्यांचे मार्ग अगदी वेगळे आहेत.

पहिला कांद्याचा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा कांद्याची निर्यात बंद केली. शेवटची बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क लावून. तारखा पक्क्या आहेत आणि आकडे फुकट मिळतात. अ‍ॅगमार्कनेटवर, म्हणजे शेतमालाच्या भावांच्या सरकारी संकेतस्थळावर, लासलगाव, पिंपळगाव बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव आहेत. निर्यात किती आणि कोणत्या देशाला झाली, ते वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत किंवा यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आकडेवारीच्या संकेतस्थळावर ०७०३१० या संकेतांकाखाली सापडते. खर्च जवळपास शून्य, आणि परीक्षेच्या काळात काम थांबवून पुन्हा सुरू करता येते.

अडचण विश्लेषणात आहे. बंदीनंतर भाव पडला, एवढे सांगून भागत नाही. डिसेंबरमध्ये लाल कांद्याची आवक वाढतेच, त्यामुळे बंदी नसती तरी भाव उतरला असता. म्हणून आधीच्या वर्षांतले तेच महिने शेजारी ठेवावे लागतात. दुसरा मोह म्हणजे लासलगावची तुलना निर्यात न होणाऱ्या भागातल्या बाजार समितीशी करण्याचा. ही तुलना फसवी आहे, कारण अडकलेला माल देशातल्या बाजारांतच जातो आणि तिथलाही भाव खाली ओढतो. बंदीची झळ न लागलेला बाजार देशात सापडणे कठीण. त्यापेक्षा आयातदार देशांतल्या भावाशी लासलगावचे अंतर किती वाढले, हे मोजणे मला जास्त भरवशाचे वाटते. आणखी एक गोष्ट राहूनच जाते. बाजार समितीतला भाव म्हणजे शेतकऱ्याचे उत्पन्न नव्हे. साठवणुकीच्या कांदाचाळीत सडलेला, वजन घटलेला माल त्या आकड्यात दिसत नाही.

दुसरा विषय द्राक्षांचा, आणि तो बागेत जाऊनच होतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदार मोठ्या तोट्यात गेले. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या सरकारी प्रणालीवरची बागेची नोंदणी आणि अंश तपासणी त्याआधीपासूनच होती. या घटनेने तपासणीचा धाक वाढवला. जागतिक बाजाराचा नियम निफाड, दिंडोरीच्या बागेत औषध फवारणाऱ्या माणसापर्यंत कसा पोहोचतो, त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, माल नाकारला गेला तर पैसे कोणाचे बुडतात, हे कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. विचारावेच लागते. मला स्वतःला हा प्रश्न कांद्याच्या प्रश्नाहून मोलाचा वाटतो, कारण निर्यातीच्या एकूण आकड्यामागे माणसांमधली वाटणी लपलेली असते.

पण हा मार्ग वर्षाचे वेळापत्रक मोडून टाकतो. निर्यातीची तोडणी साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये असते. तेव्हा बागाईतदाराला बोलायला उसंत नसते आणि तुमच्याही परीक्षा जवळ आलेल्या असतात. मुलाखती पावसाळ्यातच उरकायला हव्यात. निर्यातदाराकडून यादी घेतली, तर टिकून राहिलेलेच शेतकरी भेटतील. निर्यात सोडून दिलेले त्या यादीत नसतात आणि खरी माहिती बहुधा त्यांच्याकडेच असते. त्यांना गावात विचारत विचारत शोधावे लागेल. इतक्या वर्षांपूर्वीचा भाव कोणाला नेमका आठवत नाही, म्हणून विक्रीच्या जुन्या पट्ट्या, बिले बघायला मिळतात का ते विचारा. नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला, तर गावाचे नावही जपून लिहा. लहान गावात द्राक्षाचे क्षेत्र सांगितले तरी माणूस ओळखू येतो.

इचलकरंजीच्या यंत्रमागांचाही विचार काही जण करतात, कारण जानेवारी २००५ मध्ये कापड व्यापारातला जागतिक कोटा, म्हणजे कोणत्या देशाकडून किती माल घ्यायचा याची मर्यादा, संपला. विषय उत्तम आहे, पण तेव्हाचा कारखानावार हिशेब पदवीच्या विद्यार्थ्याच्या हाती लागणे अवघड.

संख्याशास्त्र पक्के असेल, मार्गदर्शकाला प्रतिगमनाची (रिग्रेशनची) सवय असेल आणि पुढे अर्थशास्त्रातच एम.ए. करायचे असेल, तर कांदा घ्या. तीन बंद्यांची एकमेकींशी तुलना एवढाच प्रश्न प्रबंधाला पुरतो. घरचे कोणी द्राक्षपट्ट्यात असेल, लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलत असतील आणि विषय जूनपर्यंत मंजूर होणार असेल, तर द्राक्ष घ्या. बागाईतदार थोडे भेटले तरी चालेल, पण त्यांत निर्यात सोडलेले हवेतच. मंजुरी दिवाळीपर्यंत लांबणार असेल, तर बागेचा नाद सोडून आकड्यांकडेच वळा.